सॉरी फॉर युअर लॉस

मागच्या थंडीत आमच्या सासूबाई गेल्या. संध्याकाळपर्यंत व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेजचा ढीग पडला आणि त्यातले निम्मे एकसारखेच : 'सॉरी फॉर युअर लॉस'. मी बी. कॉम. झालेली. लॉस म्हटलं की मला अजून नफा-तोटा पत्रकच आठवतं. सासूबाई काय दुकानातला माल होत्या का, असं मनात आलं आणि मी चिडलेच.

नंतर शांतपणे विचार केला. लॉस म्हणजे नुसता तोटा नव्हे, गमावणंही. 'आई गमावली' असं आपणही म्हणतोच की. 'सॉरी'चंही तसंच. धक्का लागला की आपण सॉरी म्हणतो, म्हणून तो शब्द माफीचा वाटतो. मुळात त्याचा अर्थ व्यथित, दुखावलेला. म्हणणारा चूक कबूल करत नसतो, 'मलाही वाईट वाटतंय' एवढंच सांगतो. मात्र शब्द जरा इकडेतिकडे झाले की अर्थ फिरतो. नुसतं 'युअर लॉस' म्हटलं तर 'नुकसान तुझंच' असा टोमणा होतो. 'आय फील सॉरी फॉर यू' म्हटलं तर कीव केल्यासारखं लागतं.

या वाक्याचा एक गुण मला मान्य आहे. ते उपदेश करत नाही. आमच्याकडे भेटायला आलेल्या कितीतरी जणी म्हणाल्या, 'वय झालं होतं, सुटल्या बिचाऱ्या.' खरं असेल. पण ज्या घरातलं माणूस गेलंय त्या घराला ते त्या दिवशी ऐकवत नाही. त्यापेक्षा चार इंग्रजी शब्द बरे.

खटकतो तो 'युअर'. सगळा तोटा तुमच्या खात्यावर टाकून म्हणणारा मोकळा. आपण मराठीत 'तुमच्या दुःखात सहभागी आहोत' म्हणतो. भागीदारीत तोट्याचा वाटाही उचलावा लागतो, नुसती सही करून चालत नाही. पण तेही वाक्य आता आपण छापील असल्यासारखंच पाठवतो.

लहानपणी पाथर्डी बोर्डाच्या धार्मिक परीक्षेसाठी सम्यक्त्वाची 5 लक्षणं पाठ केली होती : शम, संवेग, निर्वेद, अनुकंपा, आस्था. अनुकंपा म्हणजे दया, एवढंच तेव्हा लिहिलं होतं. शब्द फोडून पाहिला तर त्यात कंप आहे. दुसऱ्याच्या दुःखाने आपल्यालाही कापरं भरणं, ती अनुकंपा. आणि आतून हललेला माणूस बसून राहत नाही, काहीतरी करायला उठतो.

त्या दिवशी साडेपाचच्या सुमाराला शेजारच्या काकू आल्या. त्या जैन नाहीत. हातात मुगाच्या खिचडीचं पातेलं होतं, कांदा-लसूण न घातलेली. म्हणाल्या, 'दिवस मावळायच्या आत दोन घास खाऊन घ्या.' बाकी एक शब्द बोलल्या नाहीत. आमच्या चौविहाराची आठवण त्या गोंधळात आम्हालाही राहिली नव्हती.

मेसेज पाठवू नका असं मी म्हणणार नाही. लांबच्या माणसाने दुसरं काय करावं? पण त्यात गेलेल्या माणसाची एखादी आठवण लिहा. आणि गावातच असाल तर मेसेजवर भागवू नका, पाच मिनिटं जाऊन या. काय बोलावं सुचलं नाही तर गप्प बसा, चालतं.

जय जिनेंद्र.