उसन्या बळाची किंमत

मनावरील ताणाचे सारे खापर ‘कॉर्टिसॉल’ ह्या संप्रेरकावर फोडण्याची प्रथा अलीकडे पडली आहे. वस्तुतः मूत्रपिंडांच्या माथ्यावरील अधिवृक्क ग्रंथींतून स्रवणाऱ्या ह्या द्रव्यावाचून मनुष्य जगू शकत नाही. रक्तदाब टिकविणे, उपवासात रक्तातील साखर सावरणे आणि दाह आवरणे ही त्याची कामे. पहाटे त्याचे प्रमाण वाढते, मध्यरात्रीच्या सुमारास ते नीचांकी असते. मेंदूच्या तळाशी असलेली पोष ग्रंथी त्याच्या स्रावाचा हुकूम सोडते आणि रक्तात ते पुरेसे झाले की हात आखडता घेते.

ह्याच कुळातील कॉर्टिसोन १९४८ साली अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेंच ह्यांनी संधिवाताने जखडलेल्या एका स्त्रीला टोचले आणि ती काही दिवसांतच हिंडूफिरू लागली. १९५० साली हेंच, केंडाल व राइखश्टाइन ह्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. २०२० साली ऑक्सफर्डच्या चाचणीत डेक्सामेथासोनने कृत्रिम श्वसनावरील कोविडग्रस्तांचे मृत्यू सुमारे एक-तृतीयांशाने घटविले. मात्र पुढच्याच वर्षी आपल्याकडे अशा औषधांचा अनिर्बंध वापर आणि मधुमेह ह्यांची सांगड पडली, काळी बुरशी बळावली आणि अनेकांना डोळे व जबडे गमवावे लागले.

तो धडा आपण विसरलो आहोत काय? चिठ्ठीविना ही औषधे विकण्यास कायद्याने बंदी आहे. तरीही गुडघेदुखीवर, दम्यावर, एवढेच काय, गोरेपणासाठीही ती सर्रास खपतात. ‘जडीबुटी’ म्हणून विकल्या जाणाऱ्या पुड्यांतही त्यांची भेसळ आढळली आहे. आराम तात्काळ पडतो, म्हणूनच फसगत होते. महिनोन्‌महिने पोटात गेलेल्या अशा गोळ्यांनी चेहरा सुजतो, साखर वाढते, हाडे ठिसूळ होतात. शिवाय बाहेरून आयता पुरवठा होऊ लागल्याने शरीराच्या ग्रंथी सुस्तावतात. अशा वेळी गोळी एकाएकी थांबविली आणि त्यातच ताप वा अपघात ओढवला, तर रक्तदाब कोसळून प्राणावर बेतते. म्हणून अशी औषधे घेणाऱ्यांनी घाबरून ती परस्पर बंद करू नयेत. वैद्यकीय सल्ल्यानेच मात्रा हळूहळू उतरवावी.

अन्न व औषध प्रशासनाने दुकाने आणि पुड्या दोहोंचीही तपासणी नित्याची करावी. डॉक्टरांनी औषधाचे नाव, मुदत आणि ते थांबविण्याची रीत रुग्णाला त्याच्या भाषेत लिहून द्यावी. आणि चार दिवसांत गुडघा मोकळा करणाऱ्या पुडीत काय आहे, हे विचारण्याचा संकोच रुग्णानेही सोडावा.