गाडी बदलण्याचा दंड

दिवाळीच्या अंकात तिकिटाचे रडगाणे कशाला, असे कोणी म्हणेल. पण याच दिवसांत मुंबईकर माणूस मुलाबाळांना घेऊन कपड्यांना, कंदिलाला दादर गाठतो, भाऊबीजेला बहिणीकडे जातो; आणि रात्री हिशेब मांडताना गृहिणी विचारते, ‘एवढे पैसे गेले कशात?’ बाईसाहेब, ते गेले चढण्या-उतरण्यात!

मुंबईत अंतराचे पैसे पडतात ही समजूत खोटी आहे. आम्ही मास्तर लोक मुलांना त्रैराशिक शिकवतो. आठ किलोमीटरला पंधरा रुपये, तर चार किलोमीटरला किती? पोर म्हणते, साडेसात. बेस्टच्या साध्या बसचा वाहक म्हणतो, दहा! कारण पहिला टप्पा सर्वांत महाग आणि पुढचे स्वस्त. एकाच बसने आठ किलोमीटर जा, पंधरा रुपये. तेच अंतर मध्ये बस बदलून चार-चार किलोमीटरने तोडा, वीस रुपये. म्हणजे ज्याच्या दारावरून थेट बस जात नाही, त्याने थांब्यावर उन्हात ताटकळायचे आणि वर पाच रुपये जास्त मोजायचे! उद्या एखादा लांब मार्ग तोडून दोन आखूड मार्ग केले, तर भाडेवाढीचा ठराव न होताच भाडे वाढेल.

मार्वे रस्त्यावर राहणारी, चकाल्याला चार घरी स्वयंपाक करणारी बाई घ्या. मालाड स्टेशनपर्यंत बस, किमान भाडे दहा रुपये. मालाड ते अंधेरी लोकल, पाच. अंधेरीहून पुन्हा बस, पुन्हा दहा. गाडीला पाच, आणि गाडीच्या दोन शेपटांना वीस! जाऊन येऊन पन्नास, सव्वीस दिवसांचे तेराशे. ९ मे २०२५ रोजी बेस्टचे किमान भाडे पाचाचे दहा झाले. थेट बसवाल्याला ती वाढ एकदा लागली, हिला एका फेरीत दोनदा. ‘पास काढावा’ असे सांगणारे शहाणे आहेतच. पण महिन्याचे पैसे एकरकमी मोजायला ते महिन्याच्या आरंभी हातात असावे लागतात.

मेट्रोचा थाट मोठा, पण न्याय तोच. गुंदवलीला एक मेट्रो सोडायची, पूल ओलांडायचा, आणि घाटकोपरच्या मेट्रोत शिरताना भाडे पुन्हा दहा रुपयांपासून सुरू. मालक दोन, म्हणून आरंभ दोन. प्रवाशाने काय मालकांची वंशावळ पाठ करावी? आता मोबाइलवर सर्वांचे तिकीट एकत्र मिळते, एकच कार्ड चालते, याचा मोठा गाजावाजा होतो. ठीक आहे, रांग वाचली. पण तीन बिले एका पाकिटात घातली म्हणून बेरीज काही कमी होत नाही!

बेस्ट तोट्यात आहे, हे मान्य. पण तो तोटा गाडी बदलणाऱ्यानेच अधिक का सोसावा? मार्ग त्याने आखलेले नाहीत. सिंगापूरने २०१० पासून बस आणि रेल्वे मिळून झालेल्या एकूण अंतरावर भाडे घ्यायला सुरुवात केली. लंडनने २०१६ मध्ये तासाभरात दुसरी बस धरणाऱ्याचे दुसरे भाडे माफ केले. मुंबईतही दीड तासाच्या आत वाहन बदलले तर किमान भाडे एकदाच घ्यावे, पुढे अंतराप्रमाणे. चढल्याची वेळ आणि ठिकाण कार्डाच्या यंत्राला कळतेच.

यावर उत्तर तयार असते: रेल्वे केंद्राची, बेस्ट महापालिकेची, मेट्रोच्या कंपन्या निराळ्या, पैसे वाटायचे कसे? अहो, याच शहरात ते रोज वाटले जातात! विरारहून मुलुंडला जाणारा दादरला पश्चिम रेल्वेची गाडी सोडून मध्य रेल्वेची धरतो. दोन रेल्वे, दोन महाव्यवस्थापक, आणि तिकीट विरारलाच काढलेले, एकच. कोणाला किती, ते त्यांच्या कचेऱ्या आपसांत पाहून घेतात. दादरच्या पुलावर कोणी त्याला नव्या तिकिटासाठी अडवत नाही. मग मालाडच्या त्या बाईला स्टेशनबाहेर बसमध्ये पाय ठेवताच का अडवावे, एवढे मंत्र्यांनी आणि आयुक्तांनी एका टेबलाशी बसून सांगावे.