शुक्राचे ढग ओळखले, आपले राहिले

१९२० च्या दशकात, शुक्राकडे एकही यान गेलं नव्हतं तेव्हा, पॅरिसजवळच्या म्यूदाँ वेधशाळेत बेर्नार लिओ हा तरुण खगोलशास्त्रज्ञ शुक्राच्या प्रकाशाचं ध्रुवण मोजत होता. सूर्यप्रकाशाची कंपनं सगळ्या दिशांना सारखी असतात. तो कणांवर आदळून परतला की एखादी दिशा वरचढ होते; यालाच ध्रुवण म्हणतात. ती किती वरचढ होईल, हे कणाचा आकार, त्याचा पदार्थ आणि आपण त्याच्याकडे कोणत्या कोनातून बघतो, यांवर ठरतं. शुक्राला चंद्रासारख्या कला असल्यामुळे त्याच्या ढगांकडे आपण जागचे न हलता जवळजवळ सगळ्या कोनांतून बघू शकतो. लिओने त्याचा पुरेपूर उपयोग करून घेतला.

त्या आकड्यांचा पूर्ण अर्थ लावायला मात्र संगणक यावे लागले. १९७४ मध्ये जेम्स हॅन्सन आणि योप होव्हेनियर यांनी गणित मांडलं आणि उत्तर चकित व्हावं इतकं नेमकं आलं. कण गोल, म्हणजे द्रवाचे थेंब. त्रिज्या साधारण एक मायक्रॉन. अपवर्तनांक १.४४. पाण्याचा १.३३, म्हणजे पाणी बाद. जे बसलं ते सुमारे ७५ टक्के तीव्रतेचं सल्फ्युरिक आम्ल. तो तर्क इतर काही शास्त्रज्ञांनीही नुकताच मांडला होता. जवळ आला तरी चार कोटी किलोमीटर दूर असणाऱ्या ग्रहावरच्या थेंबाची त्रिज्या आणि पदार्थ, नुसत्या परतलेल्या उजेडावरून! विज्ञानात मला याहून देखणी कामं फार थोडी माहीत आहेत.

हॅन्सन यांनी पुढे शुक्र सोडला. पायोनियर व्हीनस यानावरच्या ध्रुवणमापकाचं नेतृत्व दुसऱ्याच्या हाती देऊन ते पृथ्वीच्या हवामानाकडे वळले. पदार्थ मात्र तोच समोर आला. जून १९९१ मध्ये फिलिपिन्समधल्या पिनाटुबो ज्वालामुखीने दीड ते दोन कोटी टन सल्फर डायऑक्साइड वर फेकला. स्थितांबरात त्याचे सल्फ्युरिक आम्लाचे सूक्ष्म थेंब झाले, ऊन परतवू लागले आणि पृथ्वी सुमारे अर्ध्या अंशाने थंड झाली. हे घडेल असं हॅन्सन यांच्या गटाने आधीच सांगितलं होतं.

कोळसा जाळणाऱ्या भट्ट्यांच्या चिमण्यांतूनही हाच गंधक निघतो. फक्त तो खालच्या हवेत राहतो आणि काही दिवसांत पावसाबरोबर उतरतो. उतरण्याआधी तो ढगांत हस्तक्षेप करतो. बाष्पाला थेंब व्हायला कणाचा आधार लागतो. कण वाढले की तेवढंच पाणी जास्त थेंबांत वाटलं जातं, थेंब बारीक होतात, ढग अधिक पांढरा दिसतो आणि पाऊस पडण्याइतके मोठे थेंब व्हायला उशीर लागतो. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने २०१२ मध्ये महाबळेश्वरला प्रयोगशाळा थाटली ती यासाठीच. पावसाळ्यात तिथे ढग जमिनीला टेकतात. विमान न उडवता थेंब मोजता येतात.

पण महाबळेश्वरचा ढग म्हणजे अरबी समुद्रावरचा सगळा ढग नव्हे. आणि शहरांतल्या फलकांवर दिसणारा पीएम २.५ चा आकडा इथे फारसा कामाचा नाही, कारण तो कणांची संख्या नव्हे, वजन सांगतो. एका मायक्रॉन त्रिज्येच्या एका कणाइतकंच वजन ०.१ मायक्रॉनच्या हजार कणांचं भरतं. फुप्फुसांसाठी तो आकडा महत्त्वाचा आहेच. ढगासाठी एक कण आणि हजार कण यांत मोठा फरक आहे. म्हणूनच हवामानबदलाच्या हिशेबात सर्वांत मोठी अनिश्चितता या कणांची आहे. आयपीसीसी या आंतरसरकारी हवामान समितीच्या सहाव्या अहवालानुसार १७५० ते २०१९ या काळात त्यांनी दिलेला थंडावा दर चौरस मीटरला ०.४ ते १.७ वॅट यांच्या दरम्यान कुठेही असू शकतो. वरची मर्यादा खालचीच्या चौपट! धूर थंडावा देतो म्हणून तो राहू द्यावा, असा अर्थ कुणी काढू नये. धूर गेलाच पाहिजे. तो गेल्यावर किती ऊब उघडी पडेल हे आधी कळायला हवं, एवढंच.

शुक्राचं कळलं, मग आपलं का नाही? आपण आपल्याच हवेच्या आत बसलो आहोत. कोन बदलत बघायचं तर त्यासाठी खास उपकरण वर न्यावं लागतं. फ्रान्सने तशी उपकरणं अवकाशात पाठवली होती. नासाचा ग्लोरी त्याहून अचूक मोजणारा ध्रुवणमापक घेऊन ४ मार्च २०११ रोजी निघाला, पण रॉकेटच्या टोकावरचं आवरण सुटलंच नाही आणि तो समुद्रात पडला. आवरण सोडणारा सांधा नीट तुटला नव्हता, आणि त्याचं ॲल्युमिनियम पुरवणाऱ्या कंपनीने चाचण्यांचे दाखले खोटे केले होते, असं नासाने २०१९ मध्ये जाहीर केलं. खोट्या कागदांची किंमत सगळ्या जगाने मोजली, याचा मला आजही संताप येतो. ध्रुवण मोजणारा नासाचा पेस हा उपग्रह फेब्रुवारी २०२४ मध्ये वर गेला, तेव्हा मधली तेरा वर्षं निघून गेली होती. त्याच्यावरचं हार्प-२ हे उपकरण लाल प्रकाशात एकाच जागेकडे साठ कोनांतून बघतं.

त्या तेरा वर्षांत काय निसटलं, याचं एकच उदाहरण देतो. १ जानेवारी २०२० पासून जहाजांच्या इंधनातल्या गंधकाची मर्यादा ३.५ टक्क्यांवरून ०.५ टक्क्यांवर आली. समुद्रावरच्या ढगांत त्यामुळे बदल झाला. हॅन्सन म्हणतात, अलीकडची वेगवान तापमानवाढ बऱ्याच अंशी यातून आली. इतर अनेकांच्या मते हा वाटा लहान आहे. बदलाआधीची आणि नंतरची अशी मोजमापं हाती असती, तर हा वाद इतका लांबला नसता.

भारताची शुक्र मोहीम मार्च २०२८ मध्ये निघावी असं ठरलं असून तिच्यासाठी १,२३६ कोटी रुपये मंजूर आहेत. ती जायलाच हवी. पण कोळशाच्या चिमण्यांवर गंधक अडवणारी यंत्रं बसवायची की नाही, यावर आपल्याकडे वर्षानुवर्षं वाद चालू आहे. त्या चिमण्यांवरचे ढग अनेक कोनांतून मोजणारा स्वतःचा उपग्रह इस्रोने त्याच तातडीने पाठवावा, आणि त्याचे आकडे पुण्याच्या संस्थेतल्या शास्त्रज्ञांइतकेच कोणत्याही महाविद्यालयातल्या विद्यार्थ्यालाही विनाशुल्क मिळावेत.