काच बिल्डरची, बिल गाळेवाल्याचं

पोस्ट मोठी आहे, आधीच सांगतो. पण उल्हासनगर, अंबरनाथ किंवा बदलापुरात ज्यांचा गाळा आहे, ऑफिस आहे, क्लास आहे, किंवा पुढच्या वर्ष-दोन वर्षांत घ्यायचा विचार आहे, त्यांनी वेळ काढून वाचावी.

मी इलेक्ट्रिकची कामं घेतो. गाळ्यांचं वायरिंग, नवीन मीटर, लोड वाढवून घेणं, हेच वीस वर्षं करतोय. होळी झाली की फोन वाजायला लागतो आणि सगळ्यांची तक्रार एकच, एसी चालू आहे पण गारवा नाही. परवा बदलापूर पूर्वेला अशाच एका नवीन कमर्शियल बिल्डिंगमध्ये गेलो होतो. नाव घेत नाही, तशा कितीतरी आहेत. दुसऱ्या मजल्यावर एका सीए मॅडमचं ऑफिस. रस्त्याकडची अख्खी बाजू काचेची, तोंड पश्चिमेला. दीड टनाचा एसी, घेऊन वर्षही झालं नाही. दुपारी तीननंतर ऑफिस २९ अंशांच्या खाली येत नाही.

"दादा, अजून एक एसी टाकूया का? लोड वाढवून द्याल ना?"

मला काम मिळत होतं, नाही म्हणायचं कारण नव्हतं. तरी मी त्यांना पडद्यामागे हात घालून काचेला लावायला सांगितला. त्यांनी लगेच मागे घेतला.

आता साधा हिशेब. ती काच बारा फूट बाय आठ फूट, म्हणजे साधारण नऊ चौरस मीटर. एप्रिल-मेमध्ये दुपारी चारच्या सुमारास पश्चिमेच्या उभ्या काचेवर दर चौरस मीटरला पाचशे-साडेपाचशे वॉटचं ऊन सहज पडतं. साध्या काचेतून त्यातलं ८० टक्के आत येतं. म्हणजे चार किलोवॉटच्या आसपास उष्णता, एकट्या काचेतून. एक टनाचा एसी उपसतो साडेतीन किलोवॉट. दीड टनातला एक टन मॅडमनी काचेलाच वाहिला होता. राहिलेल्या अर्ध्यात पाच माणसं, सहा कॉम्प्युटर आणि एक झेरॉक्स मशीन.

यावर लोक काय करतात? काळी फिल्म लावतात. मग आत अंधार होतो, म्हणून भर दुपारी ट्यूब लावतात. बाहेर कडक ऊन आणि आत दिवे, हे मी रोज बघतो.

आणि आउटडोर युनिटं! एलिव्हेशन चांगलं दिसावं म्हणून ती मागच्या चिंचोळ्या डक्टमध्ये एकावर एक टांगलेली असतात. खालच्याची गरम हवा वरचा ओढतो, त्याची त्याच्या वरचा. सगळ्यात वरचा कॉम्प्रेसर मे महिन्यात ट्रिप होतो आणि मालक मला फोन करून वायरिंगला शिव्या घालतो. बिल्डिंगच्या नकाशात लिफ्ट असते, जिना असतो, पार्किंग असतं. एसी कुठे बसणार याचा एक चौकोनसुद्धा नसतो.

नियम नाहीत असं समजू नका. एसी-फ्रिजवर ज्यांचे स्टार बघून आपण खरेदी करतो, त्या केंद्राच्या बीईईनं २००७ साली व्यापारी इमारतींसाठी ऊर्जा संवर्धन कोड काढला, २०१७ मध्ये तो सुधारला. त्यात पानंच्या पानं तांत्रिक आहेत, पण आपल्या कामाचं थोडक्यात असं. बाहेरच्या भिंतीच्या ४० टक्क्यांपेक्षा जास्त काच नको. काचेतून उष्णता किती यावी याला मर्यादा आणि त्याच वेळी उजेड पुरेसा यावा हीसुद्धा अट, म्हणजे काळी फिल्म लावून सुटका नाही. आपल्यासारख्या दमट-उष्ण भागात काच उन्हातली सव्वीस-सत्तावीस टक्केच उष्णता आत सोडणारी हवी. मॅडमच्या ऑफिसला तीच लावली असती तर चार किलोवॉटचे सव्वा-दीड झाले असते. छज्जे आणि उभ्या पट्ट्या दिल्या तर काचेच्या अटीत सूट. सपाट गच्चीनं ऊन गिळायचं नाही, किमान ६० टक्के परत फेकायचं. असं बांधलं तर साध्या इमारतीपेक्षा विजेत २५ टक्के बचत व्हावी, हे कोडचं सगळ्यात खालच्या पायरीचं उद्दिष्ट. २०२२ च्या कायदादुरुस्तीनं याला पाणी, कचरा, सौर वगैरेची जोड दिली आणि २०२४ मध्ये बीईईनं त्याप्रमाणे नवा कोडही काढला.

मग अडलं कुठे? केंद्रानं कोड केला तरी राज्यानं आपल्या हवामानाप्रमाणे तो नियमात आणायचा असतो आणि नकाशा मंजूर करताना पालिकेनं तो बघायचा असतो. आंध्र आणि तेलंगणानं २०१४ सालीच नियम काढले. आपल्याकडे महाऊर्जा ही त्यासाठी नेमलेली संस्था आहे, मसुदा झाला, आणि मसुदा वर्षानुवर्षं कर्जत लोकलसारखा सिग्नलला उभा राहिला.

पण माझं खरं भांडण वेगळं आहे. हा कोड लागतो १०० किलोवॉट जोडभार किंवा १२० केव्हीए मागणीच्या वरच्या इमारतीला. मॉल असेल, मोठं हॉस्पिटल असेल, तिथे एकच मोठं कनेक्शन असतं, मोजता येतं. आपल्याकडे काय असतं? खाली तीस गाळे, वर चाळीस ऑफिसं, प्रत्येकाचा वेगळा मीटर, कोणाचा तीन किलोवॉट, कोणाचा सात. बिल्डरच्या नावावर फक्त लिफ्ट, पंप आणि जिन्यातले दिवे. कोणी म्हणेल, सगळ्या मीटरांची बेरीज करा. करा ना, दोनशे किलोवॉट सहज होईल. पण नकाशा मंजूर होतो तेव्हा एकाही गाळ्याचा मीटर नसतो. बेरीज करणार कशाची?

म्हणून तेलंगणा-आंध्रानं क्षेत्रफळ धरलं. प्लॉट १,००० चौरस मीटरचा किंवा बांधकाम २,००० चौरस मीटरचं असेल तर नियम लागू. हे नकाशावरच दिसतं, वाद नाही. आपल्या स्टेशनांबाहेरच्या किती बिल्डिंगा यात येतील, नुसती नजर फिरवून सांगता येईल. १०० किलोवॉटची मर्यादा खाली आणायचा अधिकार २०२२ च्या दुरुस्तीनं राज्यांना दिलेला आहे. वापरायचा कोणी?

डिसेंबर २०२० पासून आपल्या तिन्ही शहरांना राज्याची एकत्रित बांधकाम नियमावली लागू आहे. तिच्यात ग्रीन बिल्डिंगला ३, ५ किंवा ७ टक्के जादा एफएसआय आहे. कागदावर छान. पण ते ऐच्छिक, आणि रेटिंगची यातायात करून सात टक्के मिळवण्यापेक्षा प्रीमियम भरून किंवा टीडीआर घेऊन एफएसआय वाढवणं आमच्या बिल्डर मंडळींना कधीही सोपं. त्यांना दोष देऊन तरी काय करू? काच बिल्डर निवडतो आणि बिल भरतो गाळेवाला. ज्याच्या खिशातून जात नाही तो विचार का करेल?

खर्च वाढतो हे कारण मी नेहमी ऐकतो. चांगली काच महाग असते, मान्य. पण मी म्हणतोय की काच कमी लावा! सिपोरेक्सची भिंत आणि तिच्यात खिडकी, ही अख्ख्या काचेच्या पडद्यापेक्षा स्वस्त पडते. सिपोरेक्स उष्णताही चांगली अडवतो. गच्चीला पांढरा लेप हा काही रॉकेटचा विषय नाही. आपल्याकडे गळतीसाठी गच्चीवर पत्र्याची शेड मारतात, तिच्याखालून वारा खेळता असेल तर तीसुद्धा स्लॅब वाचवते. (शेड परवानगी घेऊन मारलेली असते का, हा विषय आज नको.)

उल्हासनगरचे मित्र आता म्हणतील, इथे इमारती पडतायत आणि तू विजेच्या गोष्टी करतोस. बरोबर आहे तुमचं. मे २०२१ मध्ये पंधरा दिवसांत दोन इमारतींचे स्लॅब कोसळून माणसं गेली, ते कोणी विसरलेलं नाही. जीव आधी, बिल नंतर. पण त्याच वयाच्या इमारतींचा पुनर्विकास आता सुरू होतोय आणि तळमजल्याला दुकानं नाहीत अशी उल्हासनगरात इमारत शोधावी लागेल. नवीन उभी राहील ती पुढची चाळीस वर्षं उभी राहणार. तिची पश्चिमेची बाजू आज काचेची झाली तर जपानी बाजार, गजानन मार्केटमधल्या दुकानदाराचा मुलगाही तेच बिल भरत बसणार. काच नंतर बदलता येते म्हणतात. सत्तर मालकांच्या सोसायटीत वर्गणी काढून बदलून दाखवा.

राज्याची वाट न बघता पालिकांना करता येण्यासारखंही आहे. स्वतःच्या इमारतींपासून सुरुवात करा, त्याला कोण अडवतंय? अंबरनाथला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आलंय. हॉस्पिटल म्हणजे चोवीस तास एसी, पंप, दिवे. त्याच्या इमारतींच्या टेंडरमध्ये हा कोड लिहिलेला आहे की नाही, हे आपल्या प्रतिनिधींनी विचारायला हवं. आणि खासगी व्यापारी इमारतीच्या नकाशासोबत आर्किटेक्टच्या सहीचा एक कागद मागा. कोणत्या दिशेला किती काच, कसली काच, गच्चीला काय लेप, एसीची युनिटं कुठे. ओसी देताना तोच कागद हातात घेऊन बघा. रेन वॉटरचा खड्डा ओसीनंतर बुजवता येतो, पण काच आणि छज्जा रस्त्यावरून दिसतात. त्या कागदाची प्रत गाळा विकताना करारनाम्याला जोडायला लावा. घेणाऱ्याला आज कार्पेट एरिया कळतो, पार्किंग कळतं. उन्हाळ्याचं बिल पहिल्या मेमध्ये कळतं.

तिन्ही ठिकाणी, उल्हासनगर महापालिका आणि अंबरनाथ व बदलापूरच्या नगरपरिषदांत, या कागदाच्या मागणीचा अर्ज मी देतोय. सही करायची असेल तर इनबॉक्समध्ये या. आणि ज्यांच्या ऑफिसला पश्चिमेची काच आहे त्यांनी एप्रिल-मेचं आणि डिसेंबर-जानेवारीचं बिल शेजारी ठेवून फरक खाली लिहा, अर्जाला जोडतो. ग्राहक क्रमांक मात्र झाकून.

मॅडमना मी दुसरा एसी टाकू दिला नाही. काचेच्या बाहेरून जाळीचे पडदे लावायचे ठरवलं होतं, कारण ऊन काचेच्या आत आल्यावर पडद्याचा फारसा उपयोग नसतो. सोसायटीनं परवानगी नाकारली. एलिव्हेशन खराब दिसेल म्हणे. आता आतून अर्ध्या उंचीपर्यंत सिपोरेक्स लावून घेतोय, गवंडी सोमवारी येतोय.