गुलमर्गच्या बर्फासाठी फळी कोणती?

या सदरात एरवी परीक्षा, शिष्यवृत्ती, मोबाइल असेच विषय येतात. या वेळचा प्रश्न वेगळा आहे. संगमनेरच्या एका वालिदांचा फोन आला. "मॅडम, मुलगा स्नोबोर्ड घेतो म्हणतो. साठ हजारांचा! लाकडाच्या फळीला साठ हजार? हा इस्राफ नाही तर काय?" मुलगा माझा जुना विद्यार्थी, आता पुण्यात नोकरीला आहे. दोन हिवाळे मित्रांबरोबर गुलमर्गला जाऊन आला आहे आणि आता त्याला फ्रीराइड बोर्ड हवा आहे. मी बापाचे ऐकले, मग मुलाशी दोनदा सविस्तर बोलले. तो विषय समजावताना इतका रंगला की शाळेत कधी एवढा बोलला नव्हता. आजकाल आपल्या घरांतली कमावती मुले-मुली काश्मीरला जातात, तेव्हा हा प्रश्न उद्या दुसऱ्या घरातही येईल.

आधी ही वस्तू काय आहे ते पाहू. स्कीमध्ये दोन पायांना दोन पट्ट्या असतात. स्नोबोर्डमध्ये दोन्ही पाय एकाच फळीवर आडवे बांधलेले असतात. १९६५ साली अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात शर्मन पॉपेन नावाच्या गृहस्थाने आपल्या मुलीसाठी दोन स्की जोडून एक खेळणे केले, तिथून या खेळाची सुरुवात धरतात. १९९८ च्या नागानो हिवाळी ऑलिंपिकपासून तो ऑलिंपिकमध्ये आहे. फळी नुसती लाकडाची नसते. आत लाकडाचा गाभा, त्यावर फायबरग्लासचे थर, खाली घसरणारा प्लास्टिकचा तळ आणि कडेने पोलादी धार. वळताना ही धारच बर्फात रुतते.

फ्रीराइड म्हणजे यंत्राने सपाट केलेल्या उतारावर न खेळता डोंगराच्या मोकळ्या, खोल, भुसभुशीत बर्फावरून उतरणे. हा बर्फ मैद्यासारखा असतो. त्यात साधी फळी टोकाकडून बुडते आणि माणूस तोंडावर आपटतो. उंटाचे पाऊल पसरट असते म्हणून तो वाळूत रुतत नाही. फ्रीराइड बोर्डाचे पुढचे टोक रुंद असते त्याचे कारण तेच. शेपटीची बाजू त्याहून अरुंद असते, हा फरक पाच-सात मिलिमीटरपासून दोन सेंटिमीटरपर्यंत असतो. पाय बांधायची जागा मधोमध नसून दोन-चार सेंटिमीटर मागे सरकवलेली असते, म्हणजे वजन मागे पडते आणि टोक आपोआप वर राहते. टोकाचा भाग वर उचललेला असतो, त्याला रॉकर म्हणतात. पायाखालचा भाग मात्र किंचित कमानीसारखा असतो, तो कॅम्बर. कमानीमुळे कडक बर्फावर धार पकडते. दुकानात बोर्ड हातात आला की या चार गोष्टी पाहायच्या. फळीवरची चित्रे शेवटी पाहावीत. मुले ती आधी पाहतात, ही गोष्ट वेगळी.

आता लांबी. फळी उभी करून हनुवटीला लागते का पाहायचे, असा जुना ठोकताळा आहे. तो फारसा कामाचा नाही, कारण बर्फाला उंची कळत नाही, वजन कळते. प्रत्येक लांबीसाठी किती किलोचा माणूस चालेल याचा तक्ता कंपनी देते, तो वाचावा. सत्तर किलोच्या माणसाला सर्वसाधारण बोर्ड १५६-१५८ सेंटिमीटरचा लागत असेल तर फ्रीराइडसाठी १६० च्या आसपास घेतात. वजन मोजताना जाड कपडे आणि पाठीवरची पिशवी धरायला विसरू नये. अलीकडे आखूड पण रुंद बोर्डही निघाले आहेत. ते भुसभुशीत बर्फात छान तरंगतात, झाडांमधून पटकन वळतात, पण कडक उतारावर वेगात थरथरतात.

इथेच दुकानदाराच्या बोलण्याला भुलू नये. मोठ्या डोंगरासाठी म्हणून जे बोर्ड विकतात त्यांत सर्वांत महाग ते सर्वांत ताठ असतात. ताठपणा १ ते १० अशा आकड्यांत लिहिलेला असतो. नऊ-दहाचा बोर्ड उंच उतारावर जोरात जाणाऱ्या पक्क्या खेळाडूसाठी असतो. दोन हिवाळे झालेल्या मुलाच्या पायाखाली तो अडेल घोड्यासारखा वागेल. गुलमर्गात बर्फ पडल्यावर एक-दोन दिवस मऊ खोल बर्फ, नंतर वाऱ्याने कडक झालेला, खाली आले की झाडी, असे सगळे एकाच उतारावर भेटते. एकच बोर्ड घ्यायचा असेल तर सहा-सातच्या ताठपणाचा, पुढे रुंद, मध्ये कमान असलेला बोर्ड बरा, असे माझ्या विद्यार्थ्याला त्याच्या जाणत्या मित्रांनी सांगितले. मलाही ते पटले.

पण बोर्डाच्या आधी बूट. पैसे मोजकेच असतील तर पहिला खर्च बुटांवर करावा. बोर्ड भाड्याने मिळतो, दुसऱ्याच्या पायाने सैल झालेला बूट मात्र टाच उचलू देतो आणि फळीवरचा ताबा जातो. माप घरीच घ्यावे: भिंतीला टाच लावून कागदावर उभे राहायचे, अंगठ्यापुढे खूण करायची आणि पट्टीने सेंटिमीटर मोजायचे. सत्तावीस सेंटिमीटरचे पाऊल म्हणजे बुटाचे माप २७, इतके सोपे आहे. पाय मोठा असेल तर फळीची कंबरही रुंद हवी. बूट दोन्ही बाजूंनी सेंटिमीटर-दोन सेंटिमीटर बाहेर आला तर चालतो, त्याहून जास्त आला तर वळताना बर्फात अडकतो.

आता साठ हजार. परदेशात चांगल्या फ्रीराइड बोर्डाची किंमत पाचशे ते आठशे डॉलर असते. बूट आणि पाय बांधायच्या बाइंडिंगचा खर्च वेगळा. म्हणजे साठ हजार ही लूट नव्हे, पण तो खर्चाचा शेवटही नव्हे. त्या वालिदांना मी म्हटले की इस्राफ वस्तूच्या किमतीवर ठरत नाही, वापरावर ठरतो. वर्षातून पाच दिवस वापरायची आणि अकरा महिने पलंगाखाली ठेवायची वस्तू भाड्याने घेतलेलीच बरी. मुलाला मी तीनच गोष्टी विचारल्या. सपाट न केलेल्या बर्फात न पडता उतरता येते का? बोटांच्या आणि टाचांच्या, दोन्ही धारांवर तीव्र उतारावर थांबता येते का? मागच्या दोन हिवाळ्यांत मिळून एकूण किती दिवस बर्फावर होतास? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर अकरा दिवस असे आले. तेव्हा फोनवर बराच वेळ कोणी काही बोलले नाही.

याहून मोठी गोष्ट त्या मुलाने सांगितली नव्हती. मीच काढली. फ्रीराइडची मजा ज्या उतारावर येते, साधारण तीस ते पंचेचाळीस अंशांच्या, हिमस्खलन बहुतेक त्याच उतारांवर होते. चांगला बोर्ड तुम्हाला खोल बर्फात सहज नेतो, म्हणजेच धोक्यातही सहज नेतो. अफरवटच्या उतारांवर फेब्रुवारी २०२३ मध्ये हिमस्खलनात दोन पोलिश स्कीपटू गेले. फेब्रुवारी २०२४ मध्ये गुलमर्गच्याच वरच्या भागात एक रशियन स्कीपटू गेला. स्नोबोर्ड करणाऱ्याची आणखी एक अडचण असते. स्की पडताना पायातून सुटते, बोर्ड सुटत नाही. बर्फ घसरला तर तीच फळी नांगरासारखी माणसाला खाली ओढते.

म्हणून तीन वस्तू बोर्डाइतक्याच महत्त्वाच्या आहेत. अंगावर बांधायचा ट्रान्सीव्हर, म्हणजे गाडले गेल्यास सिग्नल देणारे आणि दुसऱ्याचा सिग्नल शोधणारे यंत्र. जुळवता येणारी लांब सळई. आणि धातूच्या पात्याचे फावडे, प्लास्टिकचे नको. बर्फाखाली सापडलेला माणूस पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत काढला तर जगण्याची आशा चांगली असते, नंतर ती झपाट्याने कमी होते. तेवढ्या वेळात गावातून कोणी पोहोचत नाही, शेजारचा साथीदारच काढतो. म्हणजे यंत्र सर्वांकडे हवे आणि सर्वांना वापरता यायला हवे. एकट्याच्या खिशात असून उपयोग नाही. उंट मोकळा सोडून तवक्कुल करू पाहणाऱ्या बदूची हदीस आपल्या मुलांना पाठ असते. बर्फावर उंट बांधणे ते हेच. गस्तीच्या लोकांनी गोंडोलाचा वरचा टप्पा बंद ठेवला तर तो दिवस खालच्या उतारावर काढायचा, पैसे वाया गेले असे म्हणायचे नाही. आणि वर जाताना स्थानिक गाइड घ्यायचाच.

उंचीचाही अंदाज असू द्यावा. आपल्या अकोले तालुक्यातले कळसूबाई १६४६ मीटर, महाराष्ट्रातले सर्वांत उंच शिखर. गुलमर्गचे मैदानच सुमारे २६५० मीटरवर आहे आणि गोंडोलाचा दुसरा टप्पा जवळजवळ ३९५० मीटरवर नेऊन सोडतो. पहिल्या दिवशी तिथे बूट बांधतानाही धाप लागते. पहिले दोन दिवस खालीच, गोल्फच्या मैदानाजवळच्या सौम्य उतारांवर काढावेत. ज्यांनी बर्फाला अजून पायच लावलेला नाही त्यांच्यासाठी गुलमर्गात केंद्राच्या पर्यटन मंत्रालयाची स्कीइंग आणि गिर्यारोहण शिकवणारी संस्था आहे. तिचे अभ्यासक्रम आधी पाहावेत.

या खेळाला आपल्यात कोणी नाही असे वाटत असेल तर आरिफ खानचे नाव सांगते. २०२२ च्या बीजिंग हिवाळी ऑलिंपिकमध्ये भारताचा एकमेव खेळाडू तो होता. गुलमर्गजवळचा मुलगा, वडिलांचे गुलमर्गात स्कीच्या साहित्याचे दुकान. त्याचा खेळ स्नोबोर्ड नाही, स्कीइंग आहे. पण साहित्याच्या दुकानात वाढलेला तो मुलगा चार वर्षांचा असताना बर्फावर उतरला होता, हे अकरा दिवसांच्या खेळाडूंनी लक्षात घ्यावे.

एका आईने मुलीच्या बाबतीत विचारले आहे. मुलींसाठी बोर्ड वेगळे येतात. ते थोडे आखूड, कमरेत अरुंद आणि मऊ असतात, कारण वजन आणि पाऊल लहान धरलेले असते. मुलीचे वजन आणि पाऊल त्या तक्त्यात बसत असेल तर तोच घ्यावा, नसेल तर पुरुषांचा घ्यायला काही हरकत नाही. हिजाबाची काळजी नको. हेल्मेटखाली पातळ, डोक्याला घट्ट बसणारी टोपी किंवा मान-डोके झाकणारा लोकरी मुखवटा तिथे सगळेच घालतात, पुरुषसुद्धा. जाड ओढणी हेल्मेटखाली नको, हेल्मेट सरकते. सैल टोके असलेला स्कार्फ चेअरलिफ्टमध्ये किंवा दोरीच्या लिफ्टमध्ये अडकू शकतो.

नमाजाबद्दल दोघांनीही विचारले. हनफी मसलकाप्रमाणे इथून गेलेला माणूस पंधरा दिवसांपेक्षा कमी राहणार असेल तर तिथे मुसाफिरच असतो, त्यामुळे कस्र आहे. थंडीत वारंवार पाय धुणे कठीण असते, त्यासाठी मसहची सवलत आहे. वुजू करून बूट घातलेले असतील, ते घोट्याच्या वर झाकत असतील, पाणी आत शिरत नसेल आणि त्यात चालता येत असेल तर मुसाफिराला तीन दिवस-रात्र मसह करता येतो. स्नोबोर्डचे बूट या अटींत बसतात असे मला वाटते, तरी जाण्यापूर्वी आपल्या इमामसाहेबांना बूट दाखवून विचारून घ्यावे. मधे बूट काढला की मसह संपतो, हे दुपारी जेवताना बूट काढणाऱ्या मुलांना आवर्जून सांगावे. किब्ल्याचाही फरक आहे. नगरमध्ये आपण पश्चिमेच्या थोडे उत्तरेकडे वळतो, काश्मीरमध्ये पश्चिमेच्या दक्षिणेकडे वळावे लागते.

संगमनेरच्या घरात शेवटी असे ठरले: या हिवाळ्यात मुलगा बूट, ट्रान्सीव्हर, सळई आणि फावडे घेईल, बोर्ड तिथेच भाड्याने घेईल आणि दर दोन दिवसांनी वेगळा घेऊन पाहील, एकदा लांब, एकदा आखूड, एकदा ताठ. हिमस्खलनाचा कोर्स तो आणि त्याचे तिन्ही मित्र एकत्र करतील. जाताना नगरवरून जाणारी झेलम एक्सप्रेस जम्मूपर्यंत आहेच, आणि भाड्याच्या बोर्डामुळे दीड मीटरची पिशवी डब्यात कुठे ठेवायची हा प्रश्नही उरला नाही. बापाने एक अट घातली आहे: रोज मगरिबनंतर एक फोन.