नदीच्या नावाचा रकाना

धरणाच्या पाण्याचा हिशेब मांडणाऱ्या आणि तो हिशेब मान्य करून घरी जाणाऱ्या आपणा सर्वांना,



मी किनवट तालुक्यातला निवृत्त प्राथमिक शिक्षक. पैनगंगेच्या काठी जन्मलो, तिच्याच काठच्या शाळांमधून लेकरं शिकवली. आयुष्यात अर्जविनंत्या फार केल्या नाहीत. मागच्या उन्हाळ्यात मात्र एक अर्ज घेऊन एका कार्यालयात गेलो. मागणं एवढंच होतं, की फेब्रुवारी ते मे या चार महिन्यांत नदीच्या पात्रात बारीकशी का होईना, धार सुरू राहावी.

साहेब वाईट वागले नाहीत. बसायला खुर्ची दिली, चहा सांगितला. अर्ज दोनदा वाचला आणि विचारलं, "गुरुजी, प्रयोजन काय लिहू? पिण्याचं, सिंचन की उद्योग?"

मी म्हणालो, "नदीसाठी."

त्यांनी टेबलावरचा तक्ता माझ्याकडे फिरवला. त्यात पिण्याचं पाणी होतं, सिंचन होतं, औद्योगिक वापर होता. त्याखाली बाष्पीभवन होतं, गाळ आणि मृतसाठाही होता. "यात कुठं बसवू, तुम्हीच सांगा," ते म्हणाले. मला उत्तर देता आलं नाही. चहा तसाच ठेवून उठलो. उन्हानं उडून जाणाऱ्या वाफेलासुद्धा त्या कागदावर जागा होती. जिच्या पाण्याचा तो कागद होता, तिचंच नाव त्यावर नव्हतं. ते अजून माझ्या मनातून जात नाही.

ही धार कुणासाठी मागतो, ते नीट सांगतो. आमच्या गावाच्या खालच्या अंगाला नदी दोन फाट्यांत वाहायची आणि मधे रेतीचं बेट राहायचं. तिथं दरवर्षी नदीसुरय यायचे. पिवळीधम्मक चोच, डोक्यावर काळी टोपी, मागे लांब दुभंगलेली शेपटी. घरटं म्हणजे रेतीत पोटानं केलेला खळगा, काडीसुद्धा न लावता. त्यात दोन-तीन अंडी, रेतीच्याच रंगाची, वर तपकिरी ठिपके. चार पावलांवर उभं राहिलं तरी दिसत नाहीत. मी चौथीची मुलं दरडीवर पालथी निजवून त्यांना ती पाखरं दाखवायचो. एप्रिलच्या दुपारी रेतीवर पाय ठेववत नाही, तेव्हा मादी उठून पाण्यावर जाते, पोटाची पिसं भिजवते आणि परत येऊन ओल्या पोटानं अंड्यांवर बसते. अंडी निवतात. पुन्हा उठते, पुन्हा भिजून येते. दुपारभर तिचं हेच चालतं. एका मुलीनं विचारलं होतं, "गुरुजी, पाणी लांब गेलं तर?" मी म्हणालो होतो, "आपली नदी कुठं जाते?"

दोन वर्षांपूर्वी मी ते बेट पायी गाठलं. मधला फाटा कोरडा पडला होता. मोजून सात खळगे होते, सातही रिकामे, भोवती कुत्र्यांची पावलं. पाणी हेच त्या पाखरांचं कुंपण होतं. पुढच्या वर्षी खळगेही नव्हते. रेतीतून हायवा ट्रकच्या चाकांचे चर गेले होते आणि बेटाचा अर्धा भाग उचलून नेला होता.

आमचा भाग आडवळणाचा. नांदेडची माणसं माहूरला रेणुकामातेच्या दर्शनाला येतात, पावसाळ्यात इस्लापूरजवळ पैनगंगेवरचा सहस्रकुंड धबधबा बघायला येतात, काळ्या खडकांवरून कोसळणाऱ्या पाण्यापुढं फोटो काढून परत जातात. उन्हाळ्यात येऊन बघा. तेच खडक उघडे पडलेले असतात आणि खालच्या कुंडात हिरवट पाणी साचलेलं असतं. या नदीनं तीन बाजूंनी वेढलेलं सव्वातीनशे चौरस किलोमीटरचं पैनगंगा अभयारण्य आहे. सागाचं, पानगळीचं जंगल. मार्चनंतर त्यातले ओढे आटतात आणि अस्वल, बिबट्या, चितळ, रोही सगळे नदीच्या डोहांवर उतरतात. डोह आटला की अस्वल गावच्या विहिरीकडे वळतं. मग माणूस फाडला जातो, आणि अस्वल माजलं अशी बोंब होते.

'वॉकर' नाव मिळालेला तो वाघ आठवतो का? टिपेश्वर अभयारण्यात जन्मला, २०१९ मध्ये गळ्यात रेडिओ कॉलर घालून निघाला आणि आपल्या नांदेडच्या हद्दीतून, पैनगंगा अभयारण्यातून, इसापूरवरून हिंगोली-वाशीम ओलांडत डिसेंबरात ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. तोवर वळणावळणानं तो सुमारे तेराशे किलोमीटर चालला होता. पोचला कुठं, तर बुलडाणा जिल्ह्यात, जिथं अजिंठ्याच्या डोंगरात पैनगंगा उगम पावते. त्याला नकाशा कुणी दिला नव्हता. नदी-ओढ्यांच्या काठानं उरलेली झाडी हाच त्याचा आडोसा होता.

धरणाला माझा विरोध नाही, हे स्पष्ट लिहितो. पैनगंगेवरच्या इसापूर धरणाचा उपयुक्त साठा साडेनऊशे दशलक्ष घनमीटरच्या (दलघमी) वर आहे. अर्धापूरची केळी त्याच कालव्यावर उभी आहेत आणि ती पिकवणारा शेतकरी माझाच भाऊ आहे. नांदेडकरांनो, विष्णुपुरी धरणानं तळ गाठला की इसापूरचं पाणी आसना नदीतून सांगवीच्या बंधाऱ्यात येतं आणि तुमच्या नळाला लागतं. म्हणजे तुम्ही पैनगंगाच पिता. पिताना तिचं नाव घ्या, एवढीही माझी अपेक्षा नाही. पण खाली नदी उरली आहे का, हे तुमच्यापैकी कुणी विचारलं नाही, याचं वाईट वाटतं. पावसाळ्यात दरवाजे उघडतात तेव्हा पूर येतो, आमची काठची सोयाबीन खरडून जाते. नदीला मिळतं ते धरणाला न मावलेलं पाणी.

लातूरकरांकडून मला जास्त आशा होती. १२ एप्रिल २०१६ ला मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे तुमच्या स्टेशनात आली, दहा टाक्यांत पाच लाख लिटर. मांजरा नदी कोरडी पडणं म्हणजे काय, ते तुमच्याइतकं कुणाला ठाऊक? त्याच वर्षी तुम्ही वर्गणी काढून साई-नागझरीतलं मांजरेचं पात्र खोल केलं. त्या कष्टाला मी हात जोडतो. पण तेव्हाही चर्चा एकच होती, पाणी किती साठेल. हीच मांजरा खाली संगारेड्डीला जाते तेव्हा तिथं तिच्या नावाचं अभयारण्य आहे, त्यात मगरी आहेत आणि तेच पाणी हैदराबादही प्यालं आहे. तिथं मगर आणि शहर एकाच पाण्यावर राहिली. आपल्याकडे मांजरेचं नाव कारखान्यांच्या पाट्यांवर जास्त आणि पाण्यात कमी दिसतं.

माझ्या गावावरही माझा राग आहे. ग्रामसभेत मी हा विषय काढला तेव्हा, ज्यांना मी बाराखडी शिकवली ती पोरं म्हणाली, "गुरुजी, माणसाला पाणी नाही अन् तुम्ही पाखरांसाठी मागता?" अरे, नदीत झिरे खोदून वाटी-वाटीनं पाणी भरणारी तुमचीच आई होती. रेतीत पाणी मुरलेलं असायचं म्हणून झिऱ्याला पाणी लागायचं. त्याच पोरांपैकी दोघं हल्ली रात्रीच्या वेळी रेतीच्या गाड्यांपुढं मोटारसायकलवर पहारा देतात. मला पाहिलं की मान खाली घालतात.

उन्हाळ्यात काठची गावं उपोषणाला बसली की कधीतरी पाणी सुटतं. पण ते आवर्तन असतं. एकदम लोंढा येतो, उरलीसुरली घरटी वाहून जातात, आठ दिवसांत पात्र पुन्हा कोरडं. म्हणून मी लोंढा मागत नाही. धार मागतो, न तुटणारी. नदीच्या प्रवाहाचा काही भाग निसर्गासाठी राखून ठेवावा, असं २०१२ च्या राष्ट्रीय जलनीतीत लिहिलेलं आहे. त्यामुळं हे एखाद्या म्हाताऱ्या मास्तरचं खूळ आहे, असं म्हणून अर्ज बाजूला सारू नका.

१५ ऑक्टोबरचा साठा धरून पुन्हा तक्ते होतील, बैठका होतील. अर्ज घेऊन गेलो त्या दिवशी साहेबांनी दिलेली तक्त्याची झेरॉक्स माझ्याकडे आहे. बाष्पीभवनाच्या खाली पट्टी ठेवून मी एक ओळ आखली आहे आणि पहिल्या रकान्यात 'नदी' असं लिहिलं आहे. पुढचा रकाना रिकामा आहे. किती दलघमी, ते ठरवण्याइतकं माझं शिक्षण नाही. ते तुम्ही ठरवा, पण फेब्रुवारीच्या आत. पाखरं तेव्हा बेट शोधत येतात.

आपला,
पैनगंगेकाठचा एक शिक्षक