पांढऱ्या फळ्यांचं कुंपण इथे कशाला?

रील्समधलं ते कुंपण तुम्हीही पाहिलं असेल. कमरेएवढ्या पांढऱ्या फळ्या, वर टोक काढलेलं, मागे हिरवळ. अमेरिकन उपनगरातलं हे चित्र आता साताऱ्या-सांगलीतल्या नव्या बंगल्यांसमोर उभं राहतंय. माझं म्हणणं सरळ आहे: आपल्याकडे ते लावू नका.

लाकडाशी माझं वैर नाही. पण या फळ्या बहुतेकदा पाइनच्या असतात, पॅकिंगच्या खोक्यांतून निघालेल्या. साताऱ्यात जूनला भिजलेली फळी सप्टेंबरपर्यंत धड वाळत नाही. रंगाच्या पापुद्र्याखाली पाणी शिरतं आणि मातीत गाडलेलं खांबाचं बूड वाळवी खाते. वरून रंग शाबूत, आत भुसा. जाणता सुतार सांगेल, खांब सागाच्या किंवा बाभळीच्या गाभ्याचा घ्या. त्याचं बूड मातीला लागूच देऊ नका. काँक्रीटमध्ये लोखंडी पट्ट्या बसवून त्यांत तो बोल्टने आवळा. माथा उतरता तासा, फळ्या जमिनीपासून चार बोटं वर ठेवा. हा खर्च मांडला की स्वस्ताई संपते. रीलवाला तो मांडत नाही, आणि त्याच्या कुंपणाचा दुसरा पावसाळाही दाखवत नाही.

सांगलीचं दुखणं वेगळं. कृष्णाकाठची काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि उथळ रोवलेले खांब कलतात. वर पूर. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांवर गेलं. धोक्याची पातळी ४५. असं पाणी फळ्या उपटून नेतं. विटांची भिंत घालाल, तर ती पाण्याला अडवते आणि पाया धुपला की कोसळते.

मग काय लावायचं? निर्गुडी. आषाढात शेजाऱ्याकडून फांद्या आणायच्या, वीतभर अंतरावर खोचायच्या. शेळी तिला सहसा तोंड लावत नाही. पुराचं पाणी तिच्यातून निघून जातं. गिरिपुष्पाची फांदीही तशीच रुजते, पाला परसातल्या झाडांना खत होतो. शेर मात्र घरात लहान मुलं असतील तर नको, त्याचा चीक डोळ्यांना वाईट.

‘गावठी दिसतं’ हे उत्तर मी इतक्यांदा ऐकलंय की चीड येते. गृहकर्जाचा हप्ता भरणारी माणसं केवळ गाव दिसू नये म्हणून सडणाऱ्या फळ्या विकत घेतात! ज्या आजीने अख्खं परडं फुकटात राखलं, तिला विचारायची मात्र लाज वाटते.

एक आक्षेप खरा आहे. जिवंत कुंपण हात-दीड हात जागा खातं, दाट व्हायला दोन-तीन वर्षं घेतं आणि वर्षातून दोनदा छाटावं लागतं. गुंठाभर प्लॉटवर ते परवडत नसेल, तर साधी तारेची जाळी लावा आणि तिच्यावर गुळवेल सोडा. जागा असेल तर पहिली दोन वर्षं बाभळीच्या काट्या रचून निभतं. फक्त फांद्या खोचण्याआधी हद्दीची मोजणी करून घ्या, आणि त्या दिवशी शेजाऱ्यालाही बोलवा.